जुना सिंथ की नवा? सोलापुरात राहून ठरवायचं असेल तर

दोन-तीन महिन्यांनी एखादा फोन येतोच. "दादा, पैसे जमलेत. सिंथेसायझर जुना घेऊ का नवा?" विचारणारा बहुतेक वेळा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा असतो, नाहीतर घरी लॅपटॉपवर ट्रॅक करणारा कॉलेजचा मुलगा. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. किती आवाज, किती पट्ट्या, मागे कुठल्या जॅक, हेही तुम्ही आधीच पाहून ठेवलेलं असणार.

मी दोन्ही स्वतःच्या पैशाने घेतलेत आणि दोन्ही अजून घरात आहेत.

जुना घेतला तो डिसेंबरात. पुण्यात एका गृहस्थांकडे होता. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो आणि रात्री त्याच गाडीने तो मांडीवर घेऊन परत आलो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा, जपानी, एका वेळी एकच सूर वाजवणारा, दोन ऑसिलेटरचा. मेमरी नाही. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे जी तक्रार येणार आहे ती कंपनीची नाही. त्या काळातल्या बहुतेक सगळ्या व्हीसीओंची, म्हणजे व्होल्टेजवर सूर ठरवणाऱ्या ऑसिलेटरांची, ती आहे आणि निम्मी आपल्या उन्हाळ्याची.

जपानातून आलेल्या सिंथला शंभर व्होल्ट लागतात, आपल्या भिंतीत दोनशे तीस. तो थेट लावला तर संपलाच. ट्रान्सफॉर्मर मला आमच्या भागात मागाच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्या मिस्त्रींनी करून दिला. गुंडाळून, वार्निश लावून, दोन दिवस वाळवून. आजतागायत गरम झालेला नाही. सोलापुरात ही एक सोय आहे. यंत्रमागामुळे तांब्याच्या तारेशी खेळणारे हात इथे पुष्कळ आहेत.

त्या थंडीत मी फार सुखात होतो. दोन ऑसिलेटर एका सुरात लावायचे आणि एक केसभर सरकवायचा. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांमध्ये किंचित फरक राहिला की आवाज जसा आतल्या आत फिरत राहतो, तसा तो फिरायचा. एकच पट्टी दाबून दहा-दहा मिनिटं ऐकत बसायचो. हा आवाज नव्यात मिळत नाही असं जे म्हणतात, त्यांचं मी खोडून काढणार नाही. माझ्या कानाला जुन्याचा खर्ज अजूनही जास्त भरीव लागतो.

मग मार्च आला.

आमच्या काकांची पेटी आहे आणि आठवड्यातून एकदा आम्ही दोघं बसतो. ते पेटीवर, मी खाली सिंथचा षड्ज-पंचम धरून, मधूनमधून एखादी ओळ घेऊन. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार होती. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, खोलीत कूलर चालू. काळी दोन धरली. खालचा षड्ज पेटीला लावून घेतला, चोख लागला. वरच्या षड्जाला गेलो आणि काकांनी भाता थांबवला. "वरचा उतरलाय रे." मी वरचा सारखा केला. आता खालचा चढला. मधे कुठेतरी तडजोड करून बसवला, तर पंधरा मिनिटांत लाइट गेली, कूलर बंद झाला, खोली तापली. लाइट आल्यावर पुन्हा वाजवला तर पेटी एकीकडे आणि मी दुसरीकडे. असं त्या दुपारी चार वेळा झालं. चौथ्या वेळी काकांनी काही म्हटलं नाही, पेटीची झडप लावली आणि चहा टाकायला सांगितला.

माझा निर्णय या एका गोष्टीने केला, म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ घालवतो.

एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर, हा व्हीसीओचा हिशेब ट्रान्झिस्टरच्या एका जोडीवर चालतो, आणि त्या ट्रान्झिस्टरचं वागणं तापमानाशी बांधलेलं आहे. भरपाई केली नाही तर दर अंशाला साधारण ०.३३ टक्के फरक पडतो. म्हणजे एका सप्तकात एका अंशाला चार सेंट. पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत शंभर सेंट असतात, त्यामुळे दहा अंश चढले की चाळीस सेंट गेले. गरम झाल्यावर सप्तक आखडतं, म्हणूनच खालचा षड्ज जागेवर आणि वरचा उतरलेला. बनवणाऱ्यांना हे माहीत होतंच. त्यासाठी ते शेजारी एक खास रेझिस्टर बसवत. तापला की त्याचा रोध त्याच प्रमाणात वाढतो आणि बरीचशी चूक भरून निघते. अट एवढीच की रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर एकाच तापमानाला हवेत. एका बाजूने कूलरचा झोत आणि दुसऱ्या बाजूने तापलेली भिंत असली की ती अट मोडते, निदान माझ्या खोलीत तरी मोडली. हे मी यंत्र लावून मोजलेलं नाही. पण कूलरसमोरून सिंथ उचलून आतल्या भिंतीशी ठेवला तेव्हा त्रास निम्म्यावर आला. निम्म्यावर आला, गेला नाही.

वाटलं तर माझ्या यंत्राचं वय झालं असेल म्हणा. जाणकाराकडून कॅलिब्रेशन करून घेतलं, म्हणजे सूर पुन्हा बसवून घेतला, तर फरक पडतो, मी एकदा करून घेतलंय आणि पडला. पण कॅलिब्रेशन ज्या तापमानाला केलं त्याच तापमानाला ते चोख बसतं, आणि आपल्याकडे जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत पंचवीस अंशांहून जास्त फरक आहे.

नवा मी पुढच्या वर्षी घेतला. चार आवाजांचा, म्हणजे एका वेळी चार सूर वाजवणारा. हाही खराखुरा ॲनालॉग, यातही व्हीसीओच. फरक इतकाच की चालू केल्यावर तो प्रत्येक ऑसिलेटर आपल्या आतल्या घड्याळाशी ताडून पाहतो आणि स्वतःच सुरात आणतो. काही सेकंदांचं काम. मधे शंका आली तर तेच पुन्हा करायला लावता येतं. पहिल्यांदा काकांसमोर लावला तेव्हाही मेच होता आणि कूलर तोच. तासभर वाजवलं. काकांनी भाता एकदाही थांबवला नाही. मला कुठल्याही तक्त्यापेक्षा हे पुरेसं वाटलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. नवा आहे म्हणजे सुरात राहीलच असं नाही, आणि जुना म्हणजे सरकणारच असंही नाही. कोर्गने एमएस-२० हा आपला १९७८ चा सिंथ २०१३ मध्ये लहान करून पुन्हा काढला, मूग कंपनीनेही मिनीमूग परत बनवला. असे पुन्हा काढलेले नमुने जुन्याच पद्धतीचे व्हीसीओ घेऊन येतात, तेव्हा घेताना ऑटो-ट्यूनिंग आहे का एवढं विचारा. उलट रोलँडच्या १९८२ च्या ज्युनो-६० आणि १९८४ च्या ज्युनो-१०६ मध्ये डीसीओ आहेत. त्यांचा सूर डिजिटल घड्याळाने बांधलेला असतो, म्हणून ते पट्टी सोडत नाहीत. यामाहाचा १९८३ चा डीएक्स-७ तर पूर्ण डिजिटल, त्याला उन्हाळा-हिवाळा सारखाच. जुन्याचाच हट्ट असेल तर या तिघांपैकी बघा. ज्युनो-१०६ च्या बाबतीत मात्र एक जगजाहीर दुखणं आहे. त्यात सहा आवाजांच्या सहा चिप असतात, त्यांच्यावरचं काळं रेझिन वर्षानुवर्षांनी खराब होतं आणि चिप जाते. मग वाजवताना दर सहावा सूर गायब होतो किंवा खरखरतो. दुरुस्त करणारे ती चिप ॲसिटोनमध्ये बुडवून रेझिन सोलून काढतात, किंवा नवी बनवलेली चिप बसवतात. घेताना एकाच पट्टीवर सहा-सात वेळा सावकाश बोट ठेवा, लगेच कळतं.

मेमरीचं सोलापूरकराला समजावून सांगायला नको. चादरीचं डिझाइन जकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत साठवलेलं असतं, पुठ्ठे बदलले की नक्षी बदलते. माझ्या जुन्या सिंथला पुठ्ठेच नाहीत. आवडता आवाज सापडला की वहीत प्रत्येक बटणाचं चित्र काढून ठेवायचं, आणि पुढच्या वेळी त्याबरहुकूम लावलं तरी तो हुबेहूब येत नाही. घरी बसून वाजवताना यात मौज आहे. दोन गाण्यांच्या मधे निवेदक चार वाक्यं बोलतो, तेवढ्यात आवाज बदलायचा असेल तर मौज राहत नाही. प्रॉफेट-५ या सिंथने १९७८ मध्येच हे सोडवलं होतं. पण तो जुना प्रॉफेट आपल्या खिशाच्या बाहेरचा आहे.

जुन्याच्या बाजूने सांगायचं तर शिकण्यासाठी त्याच्यासारखा गुरू नाही. एक बटण, एक काम. फिल्टरचा कान मला त्यानेच दिला, नव्याने नाही. नव्यात अर्धी कामं एका बारीक स्क्रीनच्या मागे आहेत आणि रात्रीच्या कार्यक्रमात ती दिसत नाहीत. घरात एसी असेल, एकटेच रेकॉर्ड करत असाल, पेटी-बासरीबरोबर बसायचं नसेल, तर मी सांगितलेली अडचण तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. तुमच्याबाबतीत तराजू वेगळा बसेल.

दुरुस्तीचं मात्र आधी ठरवून ठेवा. टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्त करणारे हुशार लोक इथे आहेत, ते सोल्डरिंग उत्तम करतात. पण कॅलिब्रेशनसाठी सर्व्हिस मॅन्युअल हातात द्यावं लागतं आणि शेजारी बसून सूर सांगावा लागतो. तेवढी तयारी हवी. त्यात आपल्याकडे सुताचे बारीक तंतू हवेत असतात. माग असलेल्या गल्लीत राहत असाल तर फेडर, म्हणजे वर-खाली सरकवायची बटणं, वर्षाच्या आत खरखरायला लागतात. मी जुना कायम चादरीखाली ठेवतो.

नव्याची आणखी एक गोष्ट मला घेतल्यानंतर कळली, आणि आता तीच सगळ्यात आवडते. कोर्गचा मोनोलॉग किंवा मिनीलॉग एक्सडी यांसारख्या काही नव्या सिंथमध्ये सप्तकातला प्रत्येक स्वर वेगळा सरकवता येतो. आपल्या कीबोर्डवरचा शुद्ध गंधार षड्जापासून चारशे सेंटवर असतो, आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा साधारण तीनशे शहाऐंशीवर. ते चौदा सेंट खाली उतरवून गायकामागे धरा. मी ते केलं तेव्हा गाणाऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं होतं. ज्या यंत्राचा सूर आधी जागेवर बसतो, त्याचाच असा मुद्दाम हलवता येतो.

जुन्याचं आकर्षण बरंचसं इतिहासातून येतं, माझंही तसंच होतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवला, हे वाचून मी कितीतरी दिवस भारावलेला होतो. मुंबईत सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ घेऊन राग वाजवले. आज ही तिन्ही नावं संग्राहक देवासारखी घेतात. पण त्यांच्यासाठी ती बाजारात नुकतीच आलेली यंत्रं होती. पुढे काय मोलाचं ठरेल याचा विचार न करता, हातात आलेलं नवीन यंत्र त्यांनी आपल्या रागाला लावलं. हे लक्षात आल्यापासून नवा घेताना वाटणारा संकोच माझ्या मनातून गेला.

तरीही जुनाच घ्यायचा असेल तर माझ्यासारखा डिसेंबरात बघायला जाऊ नका. मेमध्ये जा, दुपारी तीनला. फोनवर तंबोऱ्याचं ॲप घेऊन जा. मालक म्हणतील, थोडा गरम होऊ द्या, ते बरोबरच आहे, अर्धा तास द्या. मग खालचा षड्ज ॲपला लावा, बटणाला हात न लावता दोन सप्तकं वर जा आणि तिथला षड्ज धरून ठेवा. पंखा चालू करायला सांगा, बंद करायला सांगा. सूर जागचा हलला नाही तर मागे-पुढे न पाहता घ्या, आणि घेतल्यावर मला फोन करा. मला तो ऐकायला यायचं आहे.