‘ऑइल प्रेशर पडलंय’ म्हणत उकळलेले ३९ हजार

टर्बोच्या (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेल्या) गाडीला गेज लावून कोणी गॅरेजवाला ‘ऑइल प्रेशर पडलंय, ऑइलचा पंप गेला’ असं म्हणाला, तर पैसे देण्याआधी हे वाचा. नागपूरच्या उन्हाळ्यात ही भीती घालणं फार सोपं आहे.

आमची गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल. मे महिन्यात समृद्धीवरून शिर्डीला जायचं ठरलं, म्हणून रिंग रोडजवळच्या एका गॅरेजमध्ये तपासायला दिली. गाडीला त्रास कसलाच नव्हता. ऑइलचा लाल दिवा नाही, आवाज नाही, धूर नाही. गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, टर्बोची गाडी आहे, रात्रभर राहू द्या. सकाळी तुमच्यासमोरच प्रेशर बघू."

सकाळी त्याने ऑइल प्रेशरचा स्विच काढला, त्या जागी गेज बसवलं आणि इंजिन चालू केलं. काटा चार बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) वर. "असं पाहिजे," म्हणाला. दुपारी ट्रायलला वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत गेलो, एसी पूर्ण, गाडी दामटवलेली. ऊन ४५ अंशांचं. परत आल्या आल्या इंजिन बंद न करता आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) काटा दाखवला : १.२ बार. "सकाळी चार, आता एक. पंप बसला, भाऊ. समृद्धीवर नेली असती तर टर्बो जाम होऊन तुम्ही मध्येच अडकला असता." माझी बायको शेजारीच होती, तिचा चेहरा उतरला. आकडे दोघांनी डोळ्यांनी पाहिलेले. कामाला हो म्हणालो.

ते दोन्ही आकडे खरे होते. गेजही चांगलं होतं. खोटा होता तो त्या आकड्यांचा लावलेला अर्थ.

तापमान वाढलं की ऑइल पातळ होतं. ५डब्ल्यू-३० या ग्रेडच्या ऑइलची घनता नव्हे, दाटपणा बघायचा असतो. ४० अंशांना तो साधारण ६०-७० सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) असतो आणि १०० अंशांना ९.३ ते १२.५ च्या दरम्यान येतो. म्हणजे जवळपास सहावा हिस्सा. पंप फिरतो इंजिनच्या फेऱ्यांवर. थंड इंजिन सुरू होताना आयडल वाढलेला असतो आणि ऑइल दाट, त्यामुळे बेअरिंगच्या बारीक फटींतून ते सहज निसटत नाही आणि काटा वर जातो. गाडी पळवून आणली की आयडल खाली, ऑइल पातळ, काटाही खाली. टर्बोच्या गाडीत हा फरक आणखी वाढतो, कारण तेच ऑइल टर्बोच्या बेअरिंगमधून जातं. एका बाजूला तापलेला एक्झॉस्ट, मध्ये मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेणारा दांडा. तिथली उष्णता घेऊन ऑइल इंजिनखालच्या चेंबरमध्ये परत येतं. जोरात पळवलेल्या गाडीत ते ११०-१२० अंशांवर जाणं नवलाचं नाही. त्या ऑइलवर आयडलला १.२ बार म्हणजे बऱ्याच इंजिनांसाठी ठीकच. जुना ढोबळ हिशोब दर हजार आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) साधारण ०.७ बारचा आहे. नेमका आकडा मात्र त्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरायचा.

गरम इंजिन ३००० आरपीएमवर नेऊन त्याने एकदाही काटा दाखवला नाही. पंप खरंच झिजला असता तर तिथे प्रेशर चढलंच नसतं. हाच सगळ्यात महत्त्वाचा आकडा, आणि तोच लपवला गेला.

दुरुस्तीचं बिल ३९ हजार : नवा पंप, ऑइल, फिल्टर, मजुरी. ताबा देताना गाडी सावलीत उभी होती. चालू करून गेज दाखवलं तर अडीचच्या वर. पाण्याचा काटा मध्यावर आला होता, म्हणून ‘गाडी गरम आहे’ असं सांगितलं. पण पाणी लवकर तापतं, ऑइल मागून तापतं. जुना पंप म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक भाग हातात दिला.

आमच्या शेजारचे काका हिंगण्याच्या एसटी कार्यशाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी तो पंप हातात घेऊन नंबर वाचला आणि म्हणाले, "हा तुमच्या गाडीचा नाहीच." कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात नंबर दाखवला, तो दुसऱ्याच इंजिनचा निघाला. मग काकांच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी नेली. पंपापर्यंत जायला जे कव्हर उघडावं लागतं, त्याच्या बोल्टवरची कारखान्याची रंगाची खूण तशीच शाबूत होती. चेंबरमधून काढलेलं ऑइल आणि नवं ५डब्ल्यू-३० काचेच्या दोन पेल्यांत ओतून तिरपं केलं. गॅरेजचं ऑइल काकवीसारखं सावकाश सरकत होतं. बिलावर ५डब्ल्यू-३०, आत भलतंच दाट काहीतरी. पंप बदललाच नव्हता. दाट ऑइल भरून काटा वर आणला होता.

मला पैशांपेक्षा जास्त राग याचा आहे. वर गेलेला काटा बघून आपल्याला हायसं वाटतं, पण गेज फक्त दाब दाखवतं, ऑइल किती वाहिलं ते दाखवत नाही. दाट ऑइल थंड इंजिनात टर्बोपर्यंत पोहोचायला वेळ लावतं. दाब फार वाढला की रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडतो आणि जादा ऑइल परत मागे जातं. टर्बो वाचवायचा म्हणून पैसे घेतले आणि टर्बोलाच धोक्यात घातलं. डिसेंबरच्या थंडीत, पारा दहाच्या आसपास असताना, हेच ऑइल राहिलं असतं तर काय झालं असतं?

तुमच्याकडे कोणी प्रेशरचा आकडा घेऊन आला तर त्यासोबत ऑइलचं तापमान आणि आरपीएम लिहून मागा, आणि मॅन्युअलमधलं पानही. काही नव्या गाड्यांत पंपाचा दाब संगणकच कमी-जास्त करतो, तिथे तर हे हवंच. पण लाल दिवा चालत्या गाडीत लागला किंवा लुकलुकला, तर इथे वाचलेल्याच्या भरवशावर पुढे जाऊ नका. इंजिन तिथेच बंद करा आणि टोइंग बोलवा.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि गॅरेजला लेखी नोटीस दिली. ‘अर्धे पैसे घ्या आणि मिटवा’ असा फोन आला. आम्ही नाही म्हटलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि घटना घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करता येते. बिल, बोल्टचे फोटो, दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी पत्र आणि तो परका पंप, सगळं जोडलं आहे. गॅरेजने ‘जुना भाग’ म्हणून काही दिलं तर भंगारात टाकू नका. त्यावरचा नंबर तिथेच, गॅरेजवाल्यासमोर, फोटोत घ्या.