एस-ट्रेस: समोर असलेली फाइल प्रोग्रामला का सापडत नव्हती

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी लिहिलेला एक सी प्रोग्राम चालतो. उसाच्या गाडीचं वजन झालं की छोटी चिठ्ठी-फाइल तयार होते. ती वाचून हिशेबाला पाठवायची, एवढंच त्याचं काम. ऐन गळीत हंगामात तो दीड-दोन तास नीट चालायचा, मग प्रत्येक चिठ्ठीला एकच रड: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फोल्डर उघडावं तर फाइल समोर! परवानग्या ठीक, नाव बरोबर. बाहेर गाड्यांची रांग, आणि मी दोन दिवस पाथ तपासतेय.

तिसऱ्या दिवशी अडकलेल्या प्रोग्रामला 'मायनस पी' देऊन एस-ट्रेस जोडलं. प्रोग्राम लिनक्सच्या गाभ्याकडे जी कामं मागतो (त्यांना सिस्टिम कॉल म्हणतात), ती हे साधन एकेक ओळीत दाखवतं. उबुंटू लिनक्सवर त्याला सुडो, म्हणजे प्रशासकाचा अधिकार, लागतो. पहिल्याच स्क्रीनवर उत्तर होतं. फाइल उघडणारा ओपनॲट कॉल उणे एक, म्हणजे अपयश, देत होता, पण कारण वेगळंच: ईएमफाइल, 'टू मेनी ओपन फाइल्स'. त्याच्या खालच्या ओळीत एक स्टॅट, म्हणजे फाइलची माहिती विचारणारा कॉल, आणि 'नो सच फाइल' त्याचं! माझं लॉग फंक्शन लिहिण्याआधी जुनी लॉग-फाइल आहे का ते बघतं. ती नव्हती, म्हणून एररनोमधला (शेवटच्या फसलेल्या कॉलचं कारण इथे आकड्यात राहतं) खरा आकडा पुसला जाऊन तिथे 2, म्हणजे 'नो सच फाइल', येत होता. आता कॉल फसला की एररनो आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवते, बाकी सगळं नंतर.

मग प्रोग्राम सुरुवातीपासूनच एस-ट्रेसखाली चालवला, 'मायनस वाय' लावून. त्यामुळे फाइल डिस्क्रिप्टरच्या, म्हणजे प्रत्येक उघड्या फाइलला मिळणाऱ्या, नंबराशेजारी पाथही दिसतो. नंबर 5, 6, 7 असे चढतच गेले आणि प्रत्येकापुढे त्याच एका अर्धवट चिठ्ठीचं नाव. चिठ्ठी अपुरी असली की फंक्शन एफक्लोज न करताच, म्हणजे फाइल बंद न करताच, परतायचं, आणि 5 सेकंदांनी पुन्हा तीच उघडायचं. एका प्रोग्रामला एका वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या फाइलींची इथली मर्यादा 1024. दीड तासाचा हिशेब तिथेच जुळला.

1991 साली पॉल क्रॅनेनबर्ग यांनी सन कंपनीच्या मशीनसाठी लिहिलेलं हे साधन आजही फुकट मिळतं, आणि माझ्या मते सी शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच वर्षी दाखवायला हवं. पण ते प्रत्येक सिस्टिम कॉलला प्रोग्राम थांबवतं, त्यामुळे वेग खूप पडतो. गर्दीच्या वेळी चालू कामावर फार वेळ जोडून ठेवू नका. 'मायनस कॅपिटल झेड' फक्त फसलेले कॉल दाखवतो. सोयीचा आहे, पण माझ्या बाबतीत त्याने चढते नंबर लपवले असते, कारण ते सगळे यशस्वी कॉल होते. व्हेरिएबलमध्ये काय चाललंय ते मात्र यात दिसत नाही, त्यासाठी जीडीबी हा डीबगरच.

काट्याच्या मशीनवर आता एस-ट्रेस कायमचं बसवून ठेवलंय. रात्री दोनला तिथे इंटरनेट असेलच असं नाही.