संभाव्यतेची पेटी: तीन रंगांच्या फाशांसाठी घ्यावी, बाणाच्या चकतीसाठी नाही

दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यतेचं प्रकरण पाचवं. नमुना अवकाश (सगळ्या शक्य निष्पत्तींची यादी) लिहा, घटना (त्यातल्या हव्या त्या निष्पत्ती) लिहा, भागाकार करा, एवढ्यावर ते बहुतेक वर्गांत उरकतं. शालेय साहित्याच्या दुकानांत मिळणाऱ्या ‘संभाव्यता पेट्या’ ही उणीव भरून काढू पाहतात. इथे अशाच एका पेटीबद्दल लिहिलं आहे. आत काय काय आहे ते सांगतो: लाल, निळे, हिरवे असे दोन-दोन मिळून सहा खास फासे, दोन साधे फासे, लाल आणि पांढरी अशी दोन प्लास्टिकची नाणी, मण्यांची कापडी पिशवी, बाणाची चकती, पत्त्यांचा जोड, तीन दुरंगी कार्डं, ३६ चौकटींचा पुसता येणारा तक्ता आणि कोड्यांची पुस्तिका.

पेटीचा जीव त्या खास फाशांत आहे. लाल फाशावर ३, ३, ३, ३, ३, ६. निळ्यावर २, २, २, ५, ५, ५. हिरव्यावर १, ४, ४, ४, ४, ४. तिन्हींची बेरीज २१, म्हणजे सरासरी दान साध्या फाशाइतकंच, साडेतीन. शिवाय एकाचा आकडा दुसऱ्यावर नाही, त्यामुळे बरोबरी होतच नाही. खेळ असा: प्रतिस्पर्ध्याला आधी रंग निवडू द्यायचा, मग आपण निवडायचा. लाल निळ्याला भारी, निळा हिरव्याला भारी, आणि हिरवा लालला भारी! ‘सगळ्यांत चांगला फासा कोणता’ हा प्रश्नच इथे चुकीचा ठरतो. नववी-दहावीच्या मुलांना हे पटत नाही आणि नेमकं तेच हवं असतं.

पुस्तिकेची मोठी चूक इथेच आहे. ती म्हणते, दहा वेळा टाकून बघा. दहा दानांत काहीही दिसत नाही. लाल निळ्यावर जिंकण्याची संभाव्यता सुमारे ५८ टक्के. एवढ्या फरकाला दहा दानं दिली तर पाचांपैकी दोन गटांत लाल पुढे नसतोच, आणि मुलं ‘सर, हे चुकलंय’ म्हणून फासे ठेवून देतात. प्रत्येक गटाने तीस दानं टाकावीत आणि सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एकत्र करावेत. पंधरा गट असतील तर ४५० दानं होतात. लालचे विजय २६२ च्या आसपास, बहुतेक वेळा २४२ ते २८३ च्या दरम्यान येतात. एकट्या गटाच्या तीस दानांत मात्र लाल मागे पडलेला एखाद-दुसरा गट निघेलच. तो लपवू नका, त्याच्यावरच चर्चा घ्या. घाई असेल तर हिरवा विरुद्ध लाल घ्यावा. तिथे हिरवा ३६ पैकी २५ वेळा जिंकतो आणि तीस दानांतही एकवीसच्या आसपास विजय दिसतात.

मग तक्ता काढायचा. आडव्या ओळीत लालचे सहा पृष्ठभाग, उभ्या ओळीत निळ्याचे सहा. मुलांची नेहमीची गफलत म्हणजे लालचे पाचही ३ एकच समजून फक्त दोन रकाने करणे. पाच वेळा ३ लिहायलाच लावा. चौकटी मोजल्या की लालच्या २१ निघतात. २१ भागिले ३६, म्हणजे सात छेद बारा. सातबारा! गावाकडच्या मुलांना हे उत्तर पुन्हा सांगावं लागत नाही. निळा-हिरवा तक्त्यातही तेच उत्तर येतं. दोन फाशांच्या बेरजेसाठी पुस्तकात असतो तोच हा ३६ चौकटींचा तक्ता, फक्त इथे तो भरण्यामागे काही कारण आहे.

प्रत्येक रंगाचे दोन फासे का दिलेत, याबद्दल पुस्तिका एका ओळीत म्हणते, ‘आता जोडीने खेळा, क्रम उलटतो.’ खरं आहे. दोन-दोन फासे टाकून बेरीज केली तर निळा लालला हरवतो (सुमारे ५९ टक्के), हिरवा निळ्याला (तितकंच), आणि लाल हिरव्याला. पण शेवटची जोडी टाकून दाखवायच्या फंदात पडू नका. तिथे लालची संभाव्यता जेमतेम ५१.८ टक्के आहे आणि तो फरक खात्रीने दिसायला तीन हजारांहून जास्त दानं लागतील. ती मोजायची, आणि मोजणी इतकी देखणी आहे की पुस्तिकेने ती गाळावी याचं वाईट वाटतं. दोन्ही लाल फाशांवर ३ आणि दोन्ही हिरव्यांवर ४ पडले तर ६ विरुद्ध ८, हिरवा जिंकला. एकाही लालवर ६ आला किंवा एकाही हिरव्यावर १ आला, की लाल जिंकला. म्हणजे लाल हरतो तो फक्त चारही फाशांवर नेहमीचाच आकडा आला तर: पाच छेद सहाचा चौथा घात, ६२५ छेद १२९६. उरलेले ६७१ लालचे.

हे ६७१ छेद १२९६ जुन्या ओळखीचे आहेत. एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा ६ येण्याची संभाव्यता नेमकी एवढीच. फ्रान्समधल्या द मेरे या सरदाराचा प्रश्न तोच होता: चार दानांत एक ६ येईल यावर पैज लावणं फायद्याचं, मग दोन फाशांच्या २४ दानांत जोडसहा येईल यावर का नाही? (तिथे उत्तर ४९.१ टक्के.) १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात हा प्रश्न आला. सहा फासे हातात देऊन मुलांना थेट तिथवर नेता येतं, यापेक्षा पेटीकडून आणखी काय हवं?

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. लाल-पांढरी नाणी उत्तम. दोन नाणी एकसारखी असली की मुलं ‘दोन छापे, दोन काटे, एक-एक’ अशा तीनच निष्पत्ती मोजतात आणि दोन छाप्यांचं उत्तर एक तृतीयांश देतात. रंग वेगळे असले की चौथी निष्पत्ती डोळ्यांसमोर येते. मण्यांमध्ये पिवळे मणी किंचित मोठे आहेत, बोटांना कळतात, म्हणजे प्रत्येक मणी हाती येण्याची शक्यता सारखी असावी ही समसंभाव्यतेची अट पिशवीतच मोडते. एकाच मापाचे मणी दुकानातून सुटे आणून घाला. एक बाजू पाहून मागचा रंग ओळखायच्या तीन कार्डांचा कागद पातळ आहे, उजेडात मागचा रंग झिरपतो. पुठ्ठा चिकटवून घ्या.

बाणाची चकती मात्र वापरूच नये. बाणाचं टोक शेपटीपेक्षा जड आहे, त्यामुळे बाक जरा कलता असला की बाण उताराकडे थांबतो. त्याऐवजी कागदावर चकती काढा, मध्यावर पेन्सिलचं टोक टेकवा आणि त्याभोवती कागदाची क्लिप फिरवा.

पुस्तिकेत तीन दारांचं कोडं आहे: एका दारामागे बक्षीस, आपण एक दार निवडायचं, सूत्रसंचालक उरलेल्यांतलं एक रिकामं दार उघडतो आणि विचारतो, दार बदलणार का? त्यात एक वाक्य गळलं आहे आणि त्याने उत्तरच बदलतं. सूत्रसंचालकाला बक्षीस कुठे आहे ते ठाऊक असतं आणि तो दर वेळी रिकामंच दार उघडतो, हे लिहिलेलं नाही. ते असेल तर दार बदलून जिंकण्याची संभाव्यता दोन तृतीयांश. त्याने न बघता दार उघडलं आणि योगायोगाने ते रिकामं निघालं, तर निम्मी-निम्मी. दारांऐवजी एक एक्का (बक्षीस) आणि दोन जोकर (रिकामी दारं) घेऊन खेळताना उलगडणाऱ्याला पत्ते आधी बघू द्या, आणि दोन्ही जोकर त्याच्याकडे उरले तर नाणं उडवून कोणता उघडायचा ते ठरवायला सांगा.

वाढदिवसांचं कोडं ठीक आहे: २३ जणांत निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची संभाव्यता ५०.७ टक्के. पण आजी-आजोबांच्या तारखा गोळा करायला सांगू नका. त्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर सोयीने १ जून लिहिलेले कितीतरी जण सापडतात, आणि ३६५ दिवस समसंभाव्य धरणारं गणित तिथे लागू पडत नाही.

पेटी मिळाली नाही तर सहा साधे फासे आणि गोल पांढरे स्टिकर आणा. आकडा बदलायचा नसेल त्याही पृष्ठभागावर स्टिकर लावा, नाहीतर एका बाजूला वजन वाढतं. आणि पेटीत नसलेली एक वस्तू स्वतः घाला: चार फोडलेले चिंचोके. एक बाजू सपाट, एक फुगीर. निष्पत्ती दोन, पण त्या समसंभाव्य आहेत असं धरून चालत नाही. शंभर वेळा टाकून सपाट बाजू किती वेळा वर आली ते वहीत मांडायला लावा.