मियाटा घ्यावी की जीआर८६?

अमेरिकेत नोकरीला चार-पाच वर्षं झाली, शिक्षणाचं कर्ज फिटत आलं, की आपल्यातल्या एखाद्याला दोन दारांच्या गाडीची स्वप्नं पडायला लागतात. बजेट तीस-पस्तीस हजार डॉलरचं. गिअर हातानेच टाकायचे आणि गाडी मागच्या चाकांनी पळायला हवी, या दोन अटी. एवढं ठरलं की नव्या गाड्यांमध्ये पाहण्यासारखी नावं उरतात ती माझदा एमएक्स-५ (तिकडे तिला सगळे मियाटाच म्हणतात), टोयोटा जीआर८६ आणि जीआर८६ची जुळी बहीण सुबारू बीआरझेड. भारतात यातली एकही शोरूममध्ये मिळत नाही, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हे नुसतं जीव जळवून घ्यायला वाचावं.

बहुतेक जण आधी ताकद बघतात आणि तिथेच फसतात. मियाटाचं २.० लिटरचं इंजिन १८१ हॉर्सपॉवर देतं, जीआर८६चं २.४ लिटरचं २२८. सत्तेचाळीसचा फरक म्हणजे निकाल लागल्यासारखाच. पण मियाटा भरते साधारण १,०७० किलो आणि जीआर८६ साधारण १,२८०. टनामागे हिशेब मांडला तर फरक उरतो जेमतेम दहाचा. सिग्नलवरून सुटल्यावर दोघीही सहा सेकंदांच्या आसपास ताशी ६० मैल गाठतात. पिकअपवरून भांडायचं असेल तर खुशाल भांडा, पण गाडी त्यावर ठरवू नका.

इंजिनांचा स्वभाव मात्र वेगळा आहे. जीआर८६च्या आधीच्या पिढीत, म्हणजे जुन्या ८६मध्ये, आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) ऐन मधल्या टप्प्यात ताकदीला एक खड्डा होता. पाय दाबावा आणि गाडीने विचार करत बसावं, असा प्रकार. २.४च्या इंजिनाने तो खड्डा बुजवला. ३,७०० आरपीएमलाच २५० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, म्हणून चढावर तिसऱ्या गिअरमध्येही ती तक्रार करत नाही. मियाटाला अशा वेळी दुसरा टाकावा लागतो आणि साडेसात हजारांपर्यंत ताणावं लागतं. पण तिचा गिअरचा दांडा इतका आखूड चालतो आणि इतका अलगद जागेवर बसतो की गरज नसतानाही गिअर बदलावासा वाटतो. जीआर८६चा दांडा जरा अडखळत, खटके देत जातो. इंजिनाचा आवाजही आत स्पीकरमधून फुगवून ऐकवतात, ते मला कधीच पटलं नाही.

आता वळणं. खरी निवड इथे होते.

मियाटाच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,३१० मिलिमीटर आहे, जीआर८६चं २,५७५. मियाटात तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेले असता, त्यामुळे मागची बाजू थोडी जरी सरकली तरी ते डोळ्यांआधी कमरेला कळतं. तिचं सस्पेन्शन मऊ आहे आणि वळणावर ती चांगलीच कलते. पहिल्यांदा चालवणारा दचकतो, स्पोर्ट्स कार अशी कशी झुकते म्हणून. दोन-चार वळणांनंतर उमगतं की तो कल म्हणजेच तिची बोली आहे. बाहेरच्या चाकावर किती भार आला, टायरची पकड किती उरली, हे ती अंग झुकवून सांगते, आणि तेही ताशी ४० मैलांवर. २०२२पासून तिच्यात वळणावर आतलं मागचं चाक किंचित ब्रेकने धरून ठेवण्याची युक्ती आली, त्यामुळे मागची बाजू उचलल्यासारखी वाटणं कमी झालं. २०२४च्या बदलांत स्टिअरिंगचं घर्षण घटवलं आणि मॅन्युअल गाडीच्या वरच्या मॉडेलांना नवं लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल (मागचं एकच चाक फुकट फिरू न देणारी यंत्रणा) दिलं. सगळ्यात स्वस्त ‘स्पोर्ट’ मॉडेलला हे डिफरेन्शियल मिळत नाही. वळणांसाठीच गाडी घेत असाल तर पैसे वाढवून ‘क्लब’ घ्या.

घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, असं सांगणारा एक जपानी शब्दप्रयोग माझदावाले या गाडीसाठी कायम वापरतात. आपल्याकडे यासाठी मांड हा नेमका शब्द आहे. मियाटात मांड लगेच जमते. जीआर८६ हा जास्त तगडा, जास्त शिकवलेला घोडा. तिच्या बॉक्सर इंजिनाचे सिलिंडर उभे नसून आडवे असतात आणि इंजिन खाली बसतं, त्यामुळे वजन जमिनीलगत राहतं. सस्पेन्शन कडक, कल कमी, नाक सुरीसारखं वळणात शिरतं आणि त्याच कामाचं टॉर्सेन डिफरेन्शियल अगदी मूळ मॉडेलपासून मिळतं. वळणाच्या शेवटी ॲक्सिलरेटर दाबला की मागची बाजू हवी तितकीच बाहेर काढता येते. फक्त हे सगळं अनुभवायला वेग लागतो.

इथे टायरची एक गंमत आहे. मूळ जीआर८६ला १७ इंची चाकांवर साधे मिशलिन प्रायमसी टायर येतात, महाग मॉडेलला १८ इंची चाकांवर पायलट स्पोर्ट ४. दुसऱ्याची पकड कितीतरी जास्त. पण रस्त्यावरच्या वेगाला त्या पकडीपुढे गाडी झोपाळल्यासारखी वाटते. साध्या टायरवर तीच गाडी लवकर जागी होते. शिवाय पायलट स्पोर्ट ४ हे उन्हाळी टायर आहेत. शिकागो-न्यूजर्सीकडच्या थंडीत ते दगड होतात, दुसरा संच घ्यावाच लागतो.

टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ नावाचा रस्ता आहे, ११ मैलांत ३१८ वळणं. वेगमर्यादा ३० मैल. अशा रस्त्यावर मियाटाचं पारडं सरळ जड. कायद्याच्या फार पलीकडे न जाता ती पूर्ण वसूल होते, जीआर८६ मात्र निम्मी कोरी राहते. रेसच्या ट्रॅकवर नेमकं उलटं. अमेरिकेत नव्या जीआर८६बरोबर ‘नासा’चं एका वर्षाचं सभासदत्व आणि ट्रॅकवरचा एक दिवस फुकट मिळतो. (अवकाशवाली नासा नव्हे, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन.) महिन्याला एखादा रविवार ट्रॅकवर घालवायचा बेत असेल तर तीच घ्या, मागची सीट पाडली की चार जादा टायरही आत मावतात. लांब उजव्या वळणांवर ऑइलचा दाब घसरण्याची चर्चा मालकांमध्ये असते, त्याची माहिती आधी करून घ्या.

बीआरझेडबद्दल थोडक्यात: दोघीही सुबारूच्या जपानमधल्या गुन्मा इथल्या कारखान्यातच बनतात, फरक मुख्यतः सस्पेन्शनच्या जुळणीत. बीआरझेड मागून शांत, जीआर८६ मागून खोडकर. रोज पावसातून ऑफिसला जायचं असेल तर शांत बरी.

आणि रोजचं जगणं. मियाटाची डिकी सुमारे १३० लिटरची. भारतातून आई-बाबा येतात तेव्हा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा असतात. त्यातली एक जरी त्या डिकीत नीट बसली तर पेढे वाटा. बाबा तर बसणारच नाहीत, कारण सीटच दोन. जीआर८६मध्ये मागे दोन सीट आहेत, निदान कागदावर. घरात एकच गाडी ठेवायची असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करतो. उलट मियाटाचं छत बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाकता येतं, आणि संध्याकाळी सात वाजता ३५ मैलांनी घरी येणंसुद्धा सहल होते. हायवेवर ७० मैलांना मात्र छत बंद असूनही फोनवर ओरडूनच बोलावं लागतं.

जुनी घेणार असाल तर मियाटा २०१९ किंवा त्यानंतरची बघा. त्याआधीची १५५ हॉर्सपॉवरची, आणि तिचं स्टिअरिंग पुढे-मागे सरकत नाही.

ट्रायलला गेलात की सेल्समन तुम्हाला हायवेवर नेईल. नको म्हणा, आजूबाजूची वळणदार गल्ली शोधा. आणि उंची सहा फुटांच्या वर असेल तर त्याआधी शोरूममध्येच मियाटाचं छत बंद करून आत बसा. डोकं छताला किंवा गुडघा स्टिअरिंगला लागला, तर वर लिहिलेलं सगळं विसरा आणि जीआर८६चा रंग निवडायला घ्या.