पीडीपी-८ घ्यायचाच तर कोणता?

जुने संगणक हौसेने जमवणाऱ्यांसाठी हा सल्ला. डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) या अमेरिकन कंपनीने पीडीपी-८ या एकाच नावाखाली दहा वर्षांत बरेच वेगवेगळे लहान संगणक विकले. १२ बिटांचा शब्द (म्हणजे मेमरीतला एक कप्पा), मूळ सूचना आठच आणि त्यात वजाबाकी नाही, एवढं सगळ्यांत सारखं. (आपल्या ट्रॉम्बेचा टीडीसी-१२ संगणकही १२ बिटांचाच.)

१९६५चा मूळ पीडीपी-८ तेव्हा १८,००० डॉलरचा होता. आज तो संग्रहालयातच शोभतो. १९६६चा ८/एस स्वस्त, पण बेरीज एकेक बिट घेऊन करतो. मूळ मशीनला ३ मायक्रोसेकंद लागत, याला ३६. म्हणजे तो नकोच.

खरी चुरस ८/आय (१९६८) आणि ८/ई (१९७०) यांच्यात. ८/आय दिसायला राजबिंडा, सगळी रजिस्टरं (प्रोसेसरमधले आकडे धरणारे कप्पे) एकाच वेळी दिव्यांत दिसतात. ८/ईवर खटका फिरवून एकेक बघावं लागतं. तरीही माझं मत ८/ईला, कारण त्याची ऑम्निबस, म्हणजे सगळी कार्डं जोडणारी सामायिक पट्टी. सगळ्या खाचांत तेच सिग्नल, त्यामुळे मेमरी, सिरियल पोर्ट, डिस्क कंट्रोलर यांची कार्डं बहुतेक जिथे जागा असेल तिथे बसतात. बिघाड शोधताना हे फार कामाला येतं. ८/एफ आणि ८/एम म्हणजे लहान पेटीतला ८/ईच. ८/एल हा ८/आयचा स्वस्त भाऊ, पण त्यात हार्डवेअर गुणाकार-भागाकार कधीच बसणार नाही. ८/ए (१९७५) आटोपशीर आहे. मात्र स्विच खाली-वर करून लोडर (बाकीचे प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम) भरायची मजा त्यात नाही, आणि सेमीकंडक्टर मेमरी असेल तर वीज गेली की सगळं पुसलं जातं. जुन्या कोअर मेमरीत (बारीक चुंबकीय कड्यांची) ते टिकतं.

जोडण्यांत पहिला पैसा मेमरीवर घाला. ४ हजार शब्दांत फोकल ही प्रोग्रामिंगची भाषा चालते, पण प्रोग्राम आत घ्यायचा तर टेलिटाइप (टंकयंत्रासारखं टर्मिनल) कागदी पट्टीवरच्या छिद्रांच्या सेकंदाला १० ओळी वाचतो आणि एका शब्दाला दोन ओळी लागतात. सगळी मेमरी भरायला जवळपास चौदा मिनिटं! ओएस/८ या ऑपरेटिंग सिस्टिमला किमान ८ हजार शब्द आणि डिस्क किंवा टेप हवी. ४ हजारांपुढे मेमरी एक्स्टेंशनचं कार्ड लागतंच, त्यावर ३२ हजारांपर्यंत जाता येतं. विकणाऱ्याकडे ते आहे का, हे आधी विचारा. गुणाकाराचं कार्ड नंतर आलं तरी चालेल. आरके०५ डिस्कवर सुमारे १६ लाख शब्द मावतात, पण तिला धूळ अजिबात चालत नाही. घरी आठ इंची फ्लॉपीची आरएक्स०१ सोयीची.

नुसते लुकलुकणारे दिवेच हवे असतील तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारं पायडीपी-८/आय किट घ्या. चेहरा ८/आयचा, जागा टेबलाचा एक कोपरा.