आई-बाबांना मल्टीटूल गिफ्ट द्यायचंय? वेव्ह प्लस, फ्री, स्पिरिट की साधा स्विस चाकू

मल्टीटूल, म्हणजे पक्कड, चाकू, कात्री, स्क्रूड्रायव्हर असं बरंच काही एकातच घडी होऊन मावणारं अवजार, घ्यायला बसलं की पहिली नजर जाते ती टूल्सच्या आकड्यावर. याच्यात 18, त्याच्यात 21, आणि आपण नकळत मोठ्या आकड्याकडे झुकतो. आई-बाबांसाठी घेताना हा आकडा बाजूलाच ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. बघायचं ते एवढंच की त्यांच्या बोटांना ते सहज उघडतंय का, आणि त्यांच्या छंदात सगळ्यात जास्त काय लागतं, पक्कड, कात्री की स्क्रूड्रायव्हर. वय वाढलं की नखं ठिसूळ होतात, अंगठ्याच्या सांध्यात पहिल्यासारखा जोर राहत नाही, बारीक खाच दिसायला आधी चष्मा शोधावा लागतो, आणि जे उघडताना झगडावं लागतं ते चार दिवस कौतुकाने हाताळून ड्रॉवरमध्ये जातं, मग ब्रँड कितीही भारी असू दे.

इथे चारच पर्याय घेऊया. लेदरमनचं वेव्ह प्लस, लेदरमनचंच फ्री पी-फोर, व्हिक्टोरिनॉक्सचं स्विसटूल स्पिरिट, आणि व्हिक्टोरिनॉक्सचाच खिशातला लाल स्विस चाकू, त्यातलं हंट्समन हे मॉडेल.

आधी उघडण्याचं बघू, कारण घोडं तिथेच पेंड खातं. वेव्ह प्लसमध्ये साधं पातं, दातेरी पातं, करवत आणि कानस ही चार बाहेरच्या बाजूला आहेत, हँडल मिटलेलं असतानाच निघतात, दोन्ही पाती तर एका हाताने अंगठ्यानेच उघडता येतात. पण कात्री आणि स्क्रूड्रायव्हर आत. म्हणजे आधी पूर्ण पक्कड उघडा, मग नखाने ओढून काढा, आणि नवं असताना ते चांगलंच घट्ट असतं, एक ओढलं की शेजारचंही सोबत वर येतं, ते परत दाबून बसवा, असा प्रकार होतो. स्पिरिटमध्ये पक्कड सोडून बाकी सगळं बाहेरूनच निघतं, हँडल बंदच ठेवून कात्री काढली, कापलं, मिटवली, झालं काम. हँडलच्या कडाही गोल आहेत त्यामुळे पक्कड जोरात दाबली तरी तळहाताला टोचत नाही. खाचेत नख मात्र घालावंच लागतं.

फ्री पी-फोर 2019 मध्ये आलं आणि त्यात नखाचं कामच काढून टाकलंय. टूल अंगठ्याने कडेकडेने ढकललं की बाहेर येतं, हँडल्स चुंबकाने मिटलेली राहतात, मनगटाला हलका झटका दिला की पक्कड उघडते. ज्यांची बोटं सकाळी आखडलेली असतात किंवा संधिवाताचा त्रास आहे त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे, या एका मुद्द्यावर फ्री बाकी तिघांच्या सरळ पुढे आहे आणि असा त्रास असेल तर मी दुसरं काही बघणारही नाही.

लॉकचं पण एक लक्षात घ्या. लेदरमनची दोन्ही आणि स्पिरिट, तिन्हीत टूल उघडलं की लॉक होतं, जे चांगलंच आहे, पण वेव्हचं पातं मिटवताना आतली पट्टी अंगठ्याने बाजूला सरकवावी लागते आणि तेव्हा अंगठा पात्याच्या वाटेतच असतो. ज्यांनी आयुष्यभर साधा चाकू वापरलाय त्यांना हे सवयीचं नसतं. गिफ्ट देताना त्यांच्या शेजारी बसून दोन-तीनदा उघडझाप करून घ्या. हंट्समनला लॉक नाही, नुसती स्प्रिंग, त्यामुळे पात्यावर उलटा जोर पडला तर ते बोटांवर मिटू शकतं.

वजनाचं थोडक्यात सांगायचं तर वेव्ह प्लस 241 ग्रॅम, फ्री जवळपास तेवढंच, स्पिरिट 210 च्या आसपास आणि हंट्समन 100 ग्रॅमपेक्षाही कमी. पाव किलो लोखंड कोणी खिशात घालून फिरत नाही, ते कमरेच्या पाऊचमध्ये किंवा टेबलावर राहतं. रोज खिशात हवं असेल तर हंट्समनला पर्याय नाही, 91 मिलिमीटर लांबी, कात्री, करवत, टोच्या, चिमटा सगळं आहे. पक्कड तेवढी नाही.

आता छंदाचं. बाबा तारा वाकवतात, मॉडेल्स बनवतात, काही ना काही ठोकाठोकी चालू असते, तर वेव्ह प्लस. कडक स्टीलची तार कापली की कुठल्याही मल्टीटूलच्या कटरला खाचा पडतात, वेव्ह प्लसमध्ये कटरचे तुकडे स्क्रू काढून बदलता येतात, जुन्या वेव्हमध्ये ही सोय नव्हती. शिवाय बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरची सुटी टोकं, बदलता येतात आणि छोट्या ड्रायव्हरमध्ये चष्म्याच्या स्क्रूचा बिट बसतो, ही सोय म्हाताऱ्या माणसांना भयंकर उपयोगी पडते. फक्त बिट चपटे आहेत, नेहमीचे षटकोनी बिट थेट बसत नाहीत, त्यासाठी वेगळा अडॅप्टर मिळतो तो सोबतच घेऊन टाका.

आई शिवणकाम, विणकाम, कागदकाम करते तर कात्रीवरच निर्णय घ्या, आणि कात्रीत माझं मत स्पिरिटला. टोकापर्यंत नीट मिटते, एकच सुटा धागा कापडाला न ओढता कापते. पक्कड लागतच नसेल तर मग स्पिरिट तरी कशाला, लेदरमनचं मायक्रा बघा, त्यात मुख्य टूलच स्प्रिंगवाली कात्री आहे आणि वजन 50 ग्रॅमच्या आसपास.

मासेमारीला गळ काढायला लांब टोकाची पक्कड लागते, तिघांपैकी कुठलंही चालेल, पण खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवून, पूर्ण कोरडं करून तेलाचा थेंब द्यायलाच हवा. स्टेनलेस असलं तरी सांध्यात गंज धरतो. बागकामाला हंट्समनची करवत अंगठ्याएवढी फांदी आरामात कापते, रोजच्या छाटणीला मात्र बागेची कात्रीच हवी.

आणि काही छंदांना यातलं काहीच देऊ नका हेही मनापासून सांगावंसं वाटतं. सायकलवाल्यांना ॲलन की, म्हणजे षटकोनी खाचेच्या स्क्रूच्या किल्ल्या, लागतात, 4, 5, 6 मिलिमीटरच्या, त्यांना सायकलचं मल्टीटूलच द्या. रेडिओ, घड्याळं उघडणाऱ्यांना खोलात बसलेले बारीक स्क्रू काढायचे असतात, मल्टीटूलचं जाड हँडल तिथे पोचतच नाही, त्यांना चांगला बारीक स्क्रूड्रायव्हर सेट द्या, किंवा अगदी चाकूच हवा असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचं सायबरटूल, त्यात बिट्स येतात. आणि विजेचं काम करणारं कोणी असेल तर ठासून सांगा, यातल्या एकाही मल्टीटूलचं स्टीलचं हँडल इन्सुलेटेड नाही, चालू लाइनला हात लावायचा नाही.

नाव नसलेलं स्वस्तातलं घ्यावं का? दुकानात पक्कड मिटवून उजेडासमोर धरा. टोकं एकमेकांवर चढत असतील, हँडल कडेकडेने हलत असेल तर राहू द्या, बारीक काम त्याने होणार नाही. या दोन्ही कंपन्यांची वॉरंटी पण मोठी आहे, लेदरमनची 25 वर्षं आणि व्हिक्टोरिनॉक्सची मटेरियल आणि बनावटीतल्या दोषांसाठी आयुष्यभराची, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि बिल जपून ठेवा.

एकच सांगा म्हणाल आणि हात ठणठणीत असतील तर मी स्पिरिट घेईन, हात दुखत असतील तर फ्री. पॅक करण्याआधी प्रत्येक टूल स्वतः दहा-बारा वेळा उघडझाप करून सांधे जरा मोकळे करा, तेल द्या, आणि विमानाने घेऊन जाणार असाल तर चेक-इन बॅगेत ठेवा, पातं असलेलं टूल केबिन बॅगेत सिक्युरिटीला काढून घेतात.