मे महिन्यात मूल कुणापाशी? पाळणाघर, शिबिर, आजोळ की घरी मावशी

राज्य मंडळाच्या शाळा साधारण मेच्या सुरुवातीला बंद होतात आणि 15-16 जूनच्या आसपास उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्याहून आठवडाभर उशिरा. शनिवार-रविवार सुट्टी असलेलं ऑफिस धरलं तरी मधे कामाचे 31 दिवस उरतात. आम्ही डोंबिवलीकर. सकाळी आठची लोकल आणि संध्याकाळी सातला घरी, म्हणजे रोजचे 11 तास. 31 गुणिले 11 केले की 341 तास होतात. एकही फोन करण्याआधी तुमच्या घरचा हा आकडा कागदावर मांडा.

लेक पहिलीत होती त्या वर्षी आम्ही तो मांडला नाही आणि नुसती शिबिरं लावली. पोहणं, चित्रकला, मातीकाम. शिबिर रोज अडीच तासांचं, चालतं दहा दिवस. एका शिबिरातून 25 तास भरतात, 341 नाही. उरलेल्या वेळाची मदार शेजारच्या आजींवर होती. एक दिवस तलावाचा पंप बिघडला म्हणून पोहण्याचा वर्ग तासभर आधी सुटला. ग्रुपवर तसा मेसेज आला होता, पण मी गाडीत उभी, फोन पर्समध्ये. आजी बँकेत गेलेल्या. लेक इमारतीच्या जिन्यात बसून राहिली. केस ओले, मांडीवर ओल्या टॉवेलची पिशवी, आणि पिशवीचं पाणी पायरीवरून ओघळून खाली गेलेलं. तिला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात एक गोष्ट पक्की झाली: शिबिर हे मुलाच्या आनंदासाठी असतं, सांभाळण्यासाठी नाही.

मग पाळणाघर. तासांच्या हिशेबात ते सगळ्यांत सरस आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सात उघडं असतं, गाडी उशिरा आली तर काकू थांबतात, जेवण-दूध वेळेवर होतं. पाच वर्षांच्या आतलं मूल आधीच पाळणाघरात जात असेल तर उन्हाळ्यासाठी काहीही बदलू नका, त्याला तिथली माणसं आणि झोपायची जागा ओळखीची आहे. अडचण येते ती सहा ते दहा वर्षांच्या मुलांची. बरीच पाळणाघरं सुट्टीपुरतं मोठं मूल घ्यायला तयार नसतात, घेतात तीही मोजकी. त्यामुळे मार्चमध्येच विचारा. आणि विचारताना पहिला प्रश्न हा असू द्या: काकू, मेमध्ये तुम्ही स्वतः किती दिवस गावी जाता? घरगुती पाळणाघरं लग्नसराईत आठ-पंधरा दिवस बंद राहतात आणि ते बहुधा आयत्या वेळी कळतं.

पाळणाघर बघायला सकाळी दहाला जाऊ नका. त्या वेळी सगळीकडे गाणी चालू असतात आणि फरशी पुसलेली असते. दुपारी अडीचला, न सांगता जा. मी अशी दोन पाळणाघरं एकाच आठवड्यात पाहिली. एकात चौदा मुलं एका खोलीत सतरंजीवर, पंखा एका कोपऱ्यात, टीव्ही चालू, आणि मोठी माणसं आत स्वयंपाकघरात. दुसऱ्यात खिडकीला ओला पडदा लावलेला, लहानगी झोपलेली, आणि काकू दारापाशी बसून दोन मोठ्या मुलांकडून शेंगा सोलून घेत होत्या. फी पहिल्याची जास्त होती. आम्ही दुसरं घेतलं.

घरी येऊन सांभाळणारी मावशी हा पर्याय ऐकायला सोयीचा वाटतो, कारण मूल स्वतःच्या घरी राहतं. तान्ह्या बाळासाठी तो चांगलाच आहे. पण नवी बाई नेमकी मेसाठी शोधत असाल तर घाई करू नका. मेमध्ये त्यांच्याही घरी लग्नं असतात, त्यांच्याही मुलांना सुट्टी असते. मावशीनं एक दिवस खाडा केला की आपली रजा गेली. शिवाय बंद दाराआड एकच मोठं माणूस. आधार कार्डाची प्रत, पोलीस ठाण्यात नोंद आणि एप्रिलमधला एक पूर्ण आठवडा तुमच्यासमोर काम, एवढं झाल्याशिवाय मूल सोपवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आजोळाला पैशांत तोड नाही आणि मायेत तर नाहीच. आमचं आजोळ संगमेश्वरजवळ आहे. तिथे लेक आंबे मोजायला शिकली, पाटावर बसून फणसपोळी वाळत घालायला शिकली. पण आई-बाबांना गृहीत धरू नका. मी एकदा सरळ विचारलं, "आई, खरं सांग, किती दिवस जमेल?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "पंधरा दिवस आनंदानं. पुढे गुडघे बोलतात गं." विचारलं नसतं तर तिनं महिनाभर निमूट काढला असता. विहिरीला कठडा आहे का, हे मूल पाठवण्याआधी स्वतः पाहून या. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट मार्चच्या सुरुवातीलाच काढावं लागतं. परतीचंही तेव्हाच ठरवा, कारण जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं. एसटीत 12 वर्षांपर्यंत अर्धं तिकीट आहे आणि महिलांना 50 टक्के सवलत, तेव्हा आजीनं नातवंडाला न्यायला येणं खर्चाला जड जात नाही.

सरकारी नोकरी असेल तर बालसंगोपन रजा आधी आठवा. केंद्रीय महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत 730 दिवस मिळतात, राज्याच्या महिला कर्मचाऱ्यांना 180. परीक्षांसाठी राखून ठेवायची पद्धत आहे, पण सात वर्षांच्या मुलाचा उन्हाळाही तितकाच मोलाचा आहे. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी अशी अट 2017च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात आली. तुमच्याकडे ती सोय असेल तर लहानग्यासाठी जरूर घ्या. मात्र गर्दीच्या लोकलमधून मूल रोज न्यावं लागणार असेल तर मी घरापाशीच ठेवेन.

सहा ते दहा वर्षांच्या मुलासाठी मी असं करेन: पहिले पंधरा दिवस आजोळ, नंतर पाळणाघर, आणि पाळणाघरापासून चालत जाता येईल असं एकच शिबिर, जिथे काकूंकडचं माणूस सोडेल आणि आणेल. त्या माणसाला थोडे जास्त पैसे द्या. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसभराचं पाळणाघर नकोसं होतं. त्याच्यासाठी सकाळी शिबिर आणि दुपारी मित्राच्या घरी, तिथे कुणी मोठं माणूस असेल तरच. बदल्यात शनिवार-रविवार त्यांचं मूल आपण सांभाळायचं. एकट्यानं 11 तास घरी राहणं या वयातही मला पटत नाही.

यंदाचा आमचा कागद फ्रिजवर लावलाय. 341 मधले 334 तास भरलेत. उरलेले सात म्हणजे 12 जूनची दुपार, काकूंच्या भाचीचं लग्न आहे. त्या दिवशी बाबा सुट्टी घेणार आहे, हे लेकीनं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय.